वाचकांचे प्रश्न : दिवाळीचा किल्ला

प्रश्न : मुलं दरवर्षी अंगणात किल्ला करतात. पाडव्यापर्यंत भेगा पडतात, गेल्या वर्षी तर एक बाजूच ढासळली. माती नदीकाठची काळी असते. काय चुकतं?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना आकसते. थर जाड असला की भेग पडणारच. तांबडी माती मिळाली तर उत्तम. नाही तर दोन घमेली काळ्या मातीत एक घमेलं चाळलेली वाळू आणि दोन ओंजळी बारीक तोडलेलं वाळलं गवत घालून तुडवा. गवताचे धागे माती धरून ठेवतात.

ढासळण्याचं कारण वेगळं. ओल्या मातीचा नुसता ढीग स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. किल्ल्याचं अंग कोरडं हवं, माती ही फक्त कातडी. चार फूट बाय तीन फूट जागेला पंचवीस-तीस जुन्या विटा आणि दगड पुरतात. मोठे दगड तळाला, प्रत्येक थर आत सरकवत रचा, फटींत खडी ठोका. मग मुलाला वर हाताने दाबून बघू द्या. एखादी वीट हलली तर ती आत्ताच बसवा, चिखल तिला धरणार नाही. त्यावर पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट पांघरा आणि चिखल अर्धा इंचच लिंपा. चिखल पुरणाच्या गोळ्याइतका घट्ट असावा. हातातून ओघळला तर भिंतीवरूनही ओघळेल. बारीक भेगा दुसऱ्या दिवशी पातळ मातीचा हात फिरवून बुजवा.

प्रश्न : अळीव उगवतच नाहीत, कुजतात.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भिजवून पेरत असाल. अळीव भिजले की बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतात, त्या गोळ्याला हवा लागत नाही. कोरडेच, चिमटीने विरळ भुरभुरा. माती ओली हवी, वर पाणी साचलेलं नको. दोन दिवस ओलं फडकं झाका, मोड दिसले की काढा. पाणी फवाऱ्यानेच द्या. तांब्याने ओतलं की बी वाहून पायथ्याला गोळा होतं. वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी पेरणी करा. मोहरीलाही हीच रीत. पणत्या हिरवळीपासून वीतभर लांब ठेवा, आचेने कोंब कोमेजतात.

प्रश्न : नातवंडांना यंदा पन्हाळाच करायचा आहे. काय काय दाखवावं?
– एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : पहिलं म्हणजे टोकदार शिखर करू नका. पन्हाळा हा लांबरुंद पठाराचा गड, त्याचा माथा सपाट. कडेला उभे कडे येतात, तिथे अळीव पेरू नका. दगड उघडा ठेवला तरच कडा कडा वाटतो. पूर्वेला एक छोटा वेगळा डोंगर करून मधल्या खिंडीने जोडा, तो पावनगड. पूर्वेच्याच काठावर सज्जा कोठी ही इमारत. पश्चिमेला तीन दरवाजा हे प्रवेशद्वार आणि त्याच्या शेजारी अंधारबाव ही विहीर. बाव दाखवायला विटांच्या मध्ये एक खोलगट जागा आधीच सोडावी लागते, नंतर खणायला गेलात तर रचना हलते.

मध्यभागी अंबरखाना : गंगा, यमुना, सरस्वती ही तीन धान्यकोठारं. गंगा सर्वांत मोठी. यांची छपरं कमानीसारखी गोल असतात. पुठ्ठ्याची नळी उभी चिरून पालथी घाला, वर पातळ चिखल लावा, हुबेहूब दिसेल. आधी नळीवर फेव्हिकॉलने जुन्या सुती कापडाची पट्टी चिकटवा, नाही तर गुळगुळीत पुठ्ठ्यावरून वाळलेला चिखल पोपडे होऊन सुटतो.

तटात एक दिंडी, म्हणजे छोटा दरवाजा ठेवा, ती राजदिंडी. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले, असं सांगतात. नातवंडांना तेव्हाची पालखी हवीच असणार, तर ती दिंडीच्या बाहेर, विशाळगडाच्या म्हणजे पश्चिमेच्या दिशेला तोंड करून ठेवा. मावळे कुंभार गल्लीतून आणताना वीतभर उंचीचे घेऊ नका, तटापेक्षा मावळा मोठा दिसतो. दोन इंची पुरे.