नवरा गाडीत सिगरेट ओढतो, याला काही कायदा नाहीये का?

"मॅडम, घरात नाही ओढत, बाल्कनीतही नाही, पण गाडीत बसला की पेटवतोच आणि मागे मुलगा असतो. याला काही कायदा नाहीये का?" हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशनात, वरचेवर येतो, बहुतेकदा बायकांकडून, कधी सुना सासऱ्यांबद्दल विचारतात. आज ज्यांची गोष्ट सांगतेय त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बोरिवलीचं जोडपं, दोघंही नोकरीवाले, तो सकाळी मुलाला गोरेगावला शाळेत सोडून पुढे बीकेसीला ऑफिसला जातो. मुलगा सात वर्षांचा, बाळदम्याचा त्रास, पावसाळा आला की पंप दप्तरातच असतो. (पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, असं लोक म्हणतात, तसं काही नसतं हो, तो विषय परत कधीतरी.)

कायद्याचं आधी सांगून टाकते. आपला 2003 चा तंबाखू कायदा सार्वजनिक जागांसाठी आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नियम कडक झाले आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. बस, ट्रेन, टॅक्सी, रिक्षा त्यात येतात, स्वतःची गाडी येत नाही. इंग्लंडमध्ये 1 ऑक्टोबर 2015 पासून गाडीत 18 वर्षांखालचं कुणी असेल तर सिगरेट ओढायची नाही असा कायदाच आहे, आणि काच खाली केली होती ही सबब तिथे चालत नाही. मला स्वतःला असा नियम इथे हवाय, पण फक्त मुलं गाडीत असतील तेव्हाचा. एकटा मोठा माणूस आपल्या गाडीत काय करतो त्यात सरकारने डोकावू नये. आणि नुसत्या कायद्याचं म्हणाल तर सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात 2020 पासून बंदी आहे, आणि हा रोज टपरीवरून सुटीच घ्यायचा.

तर तो नवरा एकटा भेटायला आला. तयारीनेच आलेला, आता ही मला कॅन्सरचे फोटो दाखवणार असं तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी विचारलं, गाडीतच का? म्हणाला, मॅडम वन बीएचके आहे, हॉलमध्ये देवघर, तिथेच आई झोपते, बेडरूममध्ये मुलाचा अभ्यास, ऑफिसात ओपन फ्लोअर, मला दार लावता येईल अशी एकच जागा आहे आणि तिला चार चाकं आहेत. मी हसले, पण खरंच होतं ते. मुंबईत कित्येक पुरुषांची खोली म्हणजे गाडी, हे मी आता इतक्यांदा ऐकलंय की सिगरेटवर बोलायच्या आधी मी हेच विचारते.

पुढे म्हणाला, काच खाली करतो ना, आणि तो खोकला खोटा असतो, हिने शिकवलाय.

आणि तसंच निघालं. आईने मुलाला सांगून ठेवलं होतं की बाबांनी लायटर काढला की खोकायचं. मालाडला ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, बाबांचा हात गिअरजवळच्या खणात गेला की मागून खुक खुक सुरू, अजून पेटवलीही नाही तोच. परिणाम काय, तर मुलगा खरंच खोकला तरी बाप आरशात बघून म्हणायचा, "झालं का नाटक सुरू?" दम्याच्या मुलाचा खरा खोकला बापाला ऐकू येईनासा होणं हे मला सिगरेटइतकंच धोक्याचं वाटलं. म्हणून तिला पहिलं हेच सांगितलं की मुलाला यातून बाहेर काढा, त्याला पोलीस करू नका, जे भांडायचं ते तुम्ही दोघं भांडा. तिला आवडलं नाही, म्हणाली मग माझं कोण ऐकतंय.

त्याला मी काचेचं सांगितलं. गाडीत जागा एवढीशी, धूर लगेच दाट होतो, मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद चालतो. काच खाली केल्याने धूर कमी होतो, जात नाही. जुलैत तर काच बंदच असते आणि एसी बहुतेकदा आतलीच हवा फिरवतो. परत सिगरेट विझली तरी धुरातलं बरंच काही सीट कव्हरला चिकटून राहतं, डॅशबोर्डवर कितीही परफ्यूमची बाटली ठेवा. म्हणजे रात्री एकट्याने ओढली तरी सकाळी मुलगा त्याच सीटवर बसतो. म्हणून "मुलगा असताना नको" एवढ्यावर मी थांबले नाही, या गाडीत कधीच नको असं म्हटलं. सिगरेट सोड असं मात्र म्हटलं नाही, ते त्याने ठरवायचं.

तो म्हणाला मग माझी खोली गेली. ती नको जायला. ठरलं असं की संध्याकाळी बिल्डिंगखाली गाडी लावल्यावर दहा मिनिटं तो आत एकटा बसणार, सिगरेटशिवाय, आणि त्या वेळात बायको "कुठे पोचलास" असा फोन करणार नाही. फोन न करणं तिला फार जड गेलं. ओढायचीच तर गाडीत बसायच्या आधी, टपरीवर उभं राहून. सिग्नलला तलफ आली तर ती काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा. डॉक्टरांना विचारून त्याने निकोटिनची च्युइंगमही आणली, ती साध्या च्युइंगमसारखी चघळत बसायची नसते, थोडी चावून गालात धरायची. 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी टोल फ्री क्विटलाइनही सांगून ठेवलीय, अजून त्याने फोन केलेला नाही.

मध्ये एकदा तुफान पावसात हायवेला अडकला आणि गाडीत ओढली. स्वतःहून तिला सांगितलं, ती दोन दिवस बोलली नाही. सिगरेट सुटलेली नाही, पण मुलगा आता लायटर बघून खोकत नाही आणि खोकला तर बाबा गाडी बाजूला घेऊन पंप देतो.

आता नवाच पेच आहे. त्याचे वडील एरवी गावी चिपळूणला असतात, बिडी ओढतात. मुंबईला आले होते, गणपतीला त्यांना बरोबर घेऊन सगळे गावी निघाले, पनवेल सोडायच्या आत त्यांनी खिशातून बंडल काढलं. हा म्हणाला, "बाबा, गाडीत नको, वडखळला थांबू." वडील माणगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत आणि बायको मागच्या सीटवर गालात हसत होती, त्यावरून घरी पोचल्यावर दोघांचं वाजलं. पुढच्या वेळी दोघं त्यावरच बोलायला येतायत.