39 की 43?

भावा, विद्यापीठात जर्नालिझमला प्रवेश मिळाला, झकास झालं. पण लगेच कॅमेरा घ्यायला धावू नकोस. आधी खिशात मावेल अशी वही घे.

आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पहिल्याच पावसाळ्यात मी 39 लाच ‘धोका’ लिहून मोकळा झालो. सकाळी नदीकाठच्या गल्लीतनं फोनावर फोन, ‘सामान माळ्यावर टाकू काय?’ उपसंपादकांनी काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आकडा दोनदा विचारतो.

रेडिओचं लिखाण मोठ्यानं वाच. मध्येच दम लागला तर वाक्य तोड.

पीआरचा, म्हणजे जनसंपर्काचा, पेपर सोपा म्हणून सोडू नकोस. 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. बोंबाबोंब झाल्यावर भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. तो खुलासा शोधून शब्दन् शब्द वाच. काय कबूल केलंय, काय मोघम ठेवलंय, बघ. सगळा पेपर त्यात आहे.

आणि प्रेसनोट आली की खालच्या नंबरला फोन लावून एक तरी प्रश्न विचार. बहुतेक जण आहे तशीच छापतात.