जुन्या घराचे लाकडी खांब आणि तुळया काढून स्लॅब घातला तर चालेल का?

नाही. ‘चिऱ्याच्या भिंती भक्कम आहेत, लाकूड तसंही कुजतंय, मग स्लॅब का घालू नये’ असं तुम्ही विचारलंय. हेच मी आमच्या दादाच्या तोंडून दोन वर्षं ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर गोव्यात, डिचोलीच्या बाजारात. खाली दुकान, वर माडी, मागे राजांगण, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पण मातीत रचलेल्या. माडीचा भार तळखड्यांवर (खालच्या दगडी बैठकांवर) उभ्या खांबांवर, आणि तुळयांची टोकं भिंतीत. या तुळया समोरासमोरच्या भिंतींना धरूनही ठेवतात. त्या काढून वर स्लॅब टाकलात तर नुसत्या स्लॅबचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. कडीपाटाचं, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या तक्तपोशीचं, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंही नसतं.

दादानं रस्त्याकडच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा केला. पाचव्या पावसाळ्यात माडीची फळी पायाखाली दबायला लागली. दादा म्हणाला, “लाकडाचं घर, दुसरं काय होणार!” सुताराला बोलावलं. त्यानं भिंतीलगत तुळईत पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत. बाहेर काढली तर पात्याला काळा, ओला भुसा. मग वीतभर अलीकडे मारली, तर पटाशी टणकन उडाली. माटीच्या (ऐनाच्या) लाकडाची तुळई, तिथे नव्यासारखी. सहा तुळयांची तीच गत, आणि कुजलेली सगळी टोकं रस्त्याकडची. राजांगणाकडच्या भिंतीला अजून चुनाच आहे, तिथलं एकही टोक खराब नाही.

चिरा पाणी पितो. चुना ते परत सुकू देतो. सिमेंटच्या गिलाव्याला भेग पडते, पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस झेलणारी भिंत आहे ही!

आम्ही कुजलेलं दीड-दीड फूट कापलं, माटीचेच तुकडे तिरप्या सांध्यानं जोडले, लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारले, टोकांभोवती हवेला जागा ठेवली. स्लॅबच्या मानानं खर्च बराच कमी आला. तेव्हाही दादाचं एकच, “तू म्हापशाला असतेस, गळतं ते आम्हाला निस्तरावं लागतं.” म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातल्या सभामंडपातलं कोरीव लाकूड आम्ही दोघं लहानपणापासून बघतोय. पाऊस तिथेही एवढाच पडतो.

तुमचं घर मी पाहिलेलं नाही, हेही खरं. वाळवीनं खांबच पोकळ केला असेल, किंवा एखादा खांब मागाहून नुसता टेकू म्हणून घातला असेल, तर गोष्ट वेगळी. लाकडाचं काम केलेल्या इंजिनिअरला दाखवा, नुसत्या कंत्राटदाराला नको.

दादा आता मागच्या भिंतीला सिमेंट लावायचं म्हणतोय. घरात माझाही हिस्सा आहे आणि मी सही देणार नाही.