स्क्रीन लावून झाल्यावरचे दोन सेकंद

सोलापूर

प्रिय मुला,

तुझी बास्केटबॉलमधली तक्रार कळली. उंची आहे म्हणून सगळे 'लंबू, रिंगखाली थांब' म्हणतात आणि तिथे थांबलास की बॉल काही येत नाही. यात गार्डचा, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणाऱ्याचा, दोष थोडाच आहे. शाळा-कॉलेजच्या सामन्यांत समोरचा संघ बहुतेक वेळा टू-थ्री झोन (पुढे दोन, मागे तीन, प्रत्येकाने आपापली जागा राखायची) लावून बसतो. पाठीवर एक आणि पुढ्यात एक असे दोघं तुला चिकटलेले असताना त्याने पास टाकायचा कुठून? वर पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांहून जास्त थांबलास तर शिट्टी आहेच. बॉल हवा असेल तर थ्री पॉइंटच्या रेषेजवळ वर ये, गार्डला अडवणाऱ्या माणसाला स्क्रीन लाव, म्हणजे त्याच्या वाटेत आडवा उभा राहा, आणि मग रिंगकडे जा. हाच पिक अँड रोल. तो तुला येत नाही असं नाही. तू तो अर्धाच खेळतोस. स्क्रीन लावतोस आणि पुढे काय होतं ते बघत उभा राहतोस.

सेंटरची, म्हणजे तुझ्यासारख्या रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, किंमत आज नेमकी त्या पुढच्या दोन सेकंदांत ठरते. पूर्वी सेंटर रिंगकडे पाठ करून बॉल मागायचा. अमेरिकेतल्या एनबीए लीगने २००१-०२ पासून झोन डिफेन्सला मोकळीक दिली, त्यामुळे अशा सेंटरवर दुसरा माणूस पाठवणं सोपं झालं. २००४-०५ पासून ड्रिबल करणाऱ्याला हाताने रोखण्यावर कडक फाउल देऊ लागले, त्यामुळे गार्डला अडवणं अवघड झालं. मग थ्री पॉइंटचा पाऊस सुरू झाला आणि सेंटरचे दिवस संपले असं लोक बोलू लागले. झालं उलटंच. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) ४१ वा निवडला गेलेला सेंटर निकोला योकिच २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. त्याची उडी बेताचीच आहे, पण स्क्रीननंतर बॉल हातात आला की मैदानावर कोण मोकळा आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. दुसऱ्या टोकाला स्क्रीनसाठी ओळखला जाणारा सेंटर रूडी गोबेर. त्याच्या स्क्रीनवरून गार्ड किती बास्केट करतात याची एनबीए 'स्क्रीन असिस्ट' म्हणून वेगळी नोंद ठेवतं. तुला या दोघांकडून थोडं थोडं घ्यायचं आहे.

आधी स्क्रीन. धावत ये, रमतगमत नको. तू धावत आलास तर तुझा माणूस, म्हणजे तुला अडवणारा डिफेंडर, एक-दोन पावलं मागे राहतो, आणि चालीचा निम्मा फायदा तिथेच झालेला असतो. शेवटच्या पावलाला दोन्ही पाय एकदम टेकवून थांब. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, हात छातीशी किंवा पोटाखाली बांधलेले. गार्डला ज्या दिशेला जायचंय तिकडे तुझी पाठ हवी, हा कोन चुकला की डिफेंडर तुला सहज वळसा घालून निघून जातो. नियमही पक्का कर. स्थिर उभ्या डिफेंडरच्या नजरेसमोर स्क्रीन लावताना तू धक्का न लागेल इतका जवळ उभा राहू शकतोस. त्याच्या मागून, त्याला न दिसता लावलास तर एका साध्या पावलाची जागा सोडावी लागते. तो धावत असेल तर एक ते दोन पावलांची.

'मूव्हिंग'ची, म्हणजे हलत स्क्रीन लावल्याची, शिट्टी वाजली की सगळे तुझ्याकडे बघतात, पण त्यातल्या बऱ्याच शिट्ट्या गार्डच्या उतावळेपणामुळे वाजतात. तू थांबायच्या आतच तो निघतो, त्याचा माणूस निसटायला बघतो आणि तू कंबर पुढे काढतोस. उपाय साधा आहे. तू थांबून 'चल' म्हणेपर्यंत गार्डने हलायचं नाही. आणि निघाल्यावर त्याचा खांदा तुझ्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये फटीतून माणूस जात असेल तर तो स्क्रीन लावून न लावल्यासारखाच.

आता रोल. गार्ड तुझ्या डाव्या बाजूने गेला तर तुझा उजवा पाय रिंगच्या बाजूला असतो. तोच रोवायचा आणि डावा पाय मागून फिरवायचा. छाती बॉलकडे, गार्डचा माणूस तुझ्या पाठीवर. उजवीकडून गेला तर याच्या उलट. तू बॉलकडे पाठ करून वळतोस, म्हणून पास तुझ्या कानाजवळून निघून जातो. वळतानाच एक हात उघडा दाखव, पंजा गुडघ्याच्या उंचीवर, कारण दोघांच्या मधून येणारा पास बहुधा टप्प्याचा असतो. बॉल पकडताना जे पाऊल जमिनीवर असतं ते मोजत नाहीत, त्यानंतर दोन मिळतात. २०१७ पासून फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा) नियम असा आहे. घाईने ड्रिबल मारून बॉल पायावर आपटायची काही गरज नाही.

कुठे जायचं हे मात्र तुझा माणूस सांगतो, म्हणून स्क्रीन लावताना कान गार्डकडे आणि डोळा त्याच्यावर ठेव. तो मागे पेंटमध्येच थांबला तर गार्डला मधल्या टप्प्यात जागा मिळते. अशा वेळी स्क्रीन अर्धा सेकंद जास्त धर, मग सरळ त्याच्या अंगावर जाऊन त्याला रिंगखाली अडकवून ठेव. त्यांनी माणसं बदलली तर बुटका गार्ड तुझ्याकडे येतो. मग खाली पोस्टपर्यंत (रिंगजवळच्या जागेपर्यंत) धावत सुटू नकोस, आहेस तिथेच पाय त्याच्या पुढे टाकून हात वर कर. दोन सेकंदांत पास आला नाही तर मदत येऊन पोचते. आणि तू थांबायच्या आधीच तो उडी मारून गार्डवर गेला, तर स्क्रीन लावूच नकोस, तसाच रिंगकडे सटक. ही स्लिप आपल्याकडची मुलं फारच कमी वापरतात.

सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घालवावा असा प्रसंग म्हणजे दोघं मिळून गार्डवर तुटून पडतात तो. तेव्हा रिंगपर्यंत पळालास तर पास पोचतच नाही. फ्री थ्रोच्या रेषेजवळ थांब, दोन्ही हातांनी बॉल घे, दोन्ही पायांवर थांब. आता तुम्ही चौघं आणि त्यांचे तिघं. आधी रिंग बघ. तिथला माणूस तुझ्या अंगावर आला तर त्याने कोणाला सोडलं ते शोध. बहुधा एका कोपऱ्यातला किंवा पलीकडच्या बाजूचा शूटर मोकळा असतो. कोणीच आलं नाही तर एक ड्रिबल आणि ले-अप. दुसरा ड्रिबल मारलास की मागचे दोघं परत आलेच समज. एनबीएत गोल्डन स्टेट संघाकडून खेळलेला ड्रेमंड ग्रीन सेंटर म्हणून बुटका, साधारण साडेसहा फुटांचा, पण याच जागेवरून त्याने मोठमोठ्या संघांना रडवलंय.

झोनबद्दल तू विचारशीलच. फिबाच्या नियमांत डिफेन्सवाल्याला तीन सेकंदांचं बंधन नाही, त्यामुळे त्यांचा उंच माणूस रिंगखाली ठाण मांडून बसणार. टू-थ्रीत पुढच्या दोघांपैकी एकाला बाजूने स्क्रीन लाव आणि खोल न जाता फ्री थ्रोच्या रेषेवरच थांब. झोनची सगळ्यात पोकळ जागा तीच.

सरावाला तिघं पुरेत: तू, गार्ड आणि एक डिफेंडर. तो डिफेंडर तुझा माणूस समज. दर वेळी तो मनाला येईल तसं खेळेल: मागे थांबेल, पुढे येईल, नाहीतर बदलेल. काय करणार ते तुला आधी सांगायचं नाही. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, मग दमलेला असतानाच दहा फ्री थ्रो, कारण रोल करणाऱ्याला फाउल मिळतातच. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सहालाच सुरू करा. सिमेंटच्या कोर्टवर धूळ असली की रोवलेला पाय घसरतो आणि गुडघा पिळवटतो. आधी झाडू मारा, बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसा. उघड्या मैदानावर वाऱ्यामुळे उंच लॉब भरकटतो, टप्प्याचा पास जास्त भरवशाचा. आणि सिमेंटवर रोज शंभर उड्या मारण्याचं खूळ डोक्यातून काढ.

डिफेन्समध्ये हीच चाल तुझ्यावर खेळली जाईल. तेव्हा तोंड उघड. येणारा स्क्रीन फक्त तुला दिसतो, गार्डला नाही. तुमच्यात कोणी घरी कन्नड बोलतं, कोणी तेलुगू. डावा, उजवा आणि बदल यांसाठी तीन छोटे शब्द ठरवून घ्या आणि मोठ्याने ओरडा. पाच फाउलला बाहेर जावं लागतं, त्यामुळे पहिल्या क्वार्टरमध्ये दोन झाले असतील तर पुढे येऊन हात मारण्यापेक्षा मागे थांब.

स्कोअरशीटवर स्क्रीनचा रकाना नसतो. म्हणून बाकावरच्या एखाद्या मित्राला कागद दे. त्यावर चार रकाने: लावलेले स्क्रीन, त्यातले डिफेंडर खरोखर अडकलेले, त्यातून आलेले गुण आणि स्लिप. तीन-चार सामन्यांचे कागद साठले की मला दाखव. स्लिपचा रकाना रिकामा असेल तर आधी तिथून सुरुवात करू.

तुझा,
सर