४० टक्के राहू द्या, चमचा का पडला ते बघा

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, अण्णा ६७ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. हेल्थ पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर झाला त्यात डाव्या नसेत ४० टक्के ब्लॉक निघाला, घरात सगळे घाबरलेत, मामा म्हणतात स्टेंट टाकून मोकळे व्हा. तसा त्यांना काही त्रास नाही, फक्त दोन आठवड्यांपूर्वी मिसळ खाताना उजव्या हातातून चमचा गळून पडला, हातात जोरच नव्हता, दहा मिनिटांत नीट झालं. काय करावं? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, तुम्ही ब्लॉकबद्दल एवढं लिहिलंत आणि चमच्याचं "फक्त" म्हणून उरकलंत, मला मात्र तोच चमचा जास्त महत्त्वाचा वाटतो. उजवा हात चालवतो डावा मेंदू, आणि त्याला रक्त पुरवते ती ही डावीच नस. तो मेंदूचा छोटा अटॅक असू शकतो, डॉक्टर टीआयए म्हणतात, आणि मोठ्या स्ट्रोकचा धोका त्यानंतरच्या दिवसांतच जास्त असतो, म्हणून उद्यावर न टाकता आजच न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

आता ब्लॉकचं. डॉपलरमध्ये मशीन रक्ताचा वेग मोजतं, नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार कशी जोरात जाते, तसं नस अरुंद असेल तिथे रक्त पळतं. वेग सेकंदाला १२५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ब्लॉक साधारण ५० टक्क्यांच्या आत धरतात, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त. ऑपरेशनचा खरा फायदा लक्षणं आलेल्या आणि ७० टक्क्यांच्या पुढे ब्लॉक असलेल्या पेशंटना, ५० ते ६९ मध्ये थोडाफार, ५० च्या आत नाहीच, तेव्हा मामांना म्हणावं स्टेंट राहू द्या. पण ४० टक्के ब्लॉक करणारा चरबीचा थर (प्लाक) मऊ असेल तर त्याचा तुकडाही सुटून मेंदूत जाऊ शकतो, म्हणून रिपोर्टमध्ये प्लाक कसा आहे तेही वाचून घ्या.

आणि हो, गुठळी हृदयातूनही येते, ती मानेच्या डॉपलरमध्ये दिसत नाही, त्यामुळे मेंदूचा एमआरआय, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल. गोळ्या बहुतेक अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, पण ते डॉक्टर ठरवतील, मनाने सुरू करू नका. तंबाखू खात असतील तर ती आजपासून बंद.

(काहीच लक्षण नसलेल्यांना मानेच्या नसांची ही तपासणी सरसकट करू नका असं अमेरिकेतल्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलंय, तरी पॅकेजमध्ये ती असतेच!)

पुन्हा हात गळाला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली तर दहा मिनिटं वाट बघत बसू नका, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.