वाफूर जमवायचाय? आधी एवढं बघा

वाफूर म्हणजे अफू ओढायची इराणी नळी. अशा नळ्या जमवायची गोडी तुम्हाला लागली हे ऐकून मनापासून आनंद झाला. पण पहिल्या खरेदीची घाई करू नका.

आधी वाफूर ओळखायला शिका. सरळ लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला चिनी मातीचा अंडाकृती पोकळ गोळा, त्यावर एक बारीक भोक. अफूची गोळी त्या भोकाजवळ चिकटवायची आणि चिमट्यात धरलेला निखारा तिच्याजवळ न्यायचा, अशी पद्धत. चिनी नळी दिव्यावर तापवतात, आणि तिचा वाडगा (अफू ठेवायचा भाग) टोकाला नसतो, थोडा अलीकडे बसवलेला असतो. बाजारात दोन्ही सर्रास एकाच नावाने विकतात. नवखे इथेच फसतात.

हातात घेतल्यावर:

- भोकाची कड बघा. ती झिजलेली नाही ना, तडा नाही ना? सुंदर नक्षीपेक्षा हे महत्त्वाचं.
- दांडी आणि गोळा एकाच वेळचे आहेत का? दांड्या बदललेल्या असू शकतात, जोडावर ते कळतं.
- इराणचा राजा नासिरुद्दीन शाहचं चित्र (राज्य १८४८ ते १८९६) दिसलं म्हणून तुकडा त्याच काळातला समजू नका. ते चित्र आजही काढलं जातं.

आतला काळा थर म्हणजे अफूचाच अवशेष. तसा तुकडा घेऊच नका. भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने अडचणीत याल.

चांदीकाम, शेगड्या, चिमटे सगळं नंतर. सध्या संग्रहालयांतले जितके गोळे बघता येतील तितके बघा.