एच३के२७मी३ ही हिस्टोनवरची (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावरची) रासायनिक खूण पुसली तर भ्रूणीय मूलपेशी आपोआप विभेदित होतात का, म्हणजे चेतापेशीसारख्या ठरावीक प्रकारच्या पेशी बनतात का?

नाही, उलट अडखळतात. ही खूण म्हणजे विकासाच्या जनुकांवरचं झाकण, झाकण काढलं की जनुक सुरू, असं तुम्ही धरून चाललाय. घोळ तिथेच आहे.

एच३ हिस्टोनच्या २७व्या लायसिनवर तीन मिथाइल गट चढवतं ते पीआरसी२ हे प्रथिनांचं संकुल: ईझेडएच२ (प्रत्यक्ष खूण चढवणारं एन्झाइम), ईईडी आणि एसयूझेड१२. मूलपेशीत विकासाच्या जनुकांच्या बऱ्याच प्रमोटरांवर (जनुक जिथून सुरू होतं त्या डीएनएच्या भागांवर) ही खूण आणि चालू जनुकांवर दिसणारी एच३के४मी३, दोन्ही असतात. २००६ साली अशा प्रमोटरांना ‘बायव्हॅलंट’ म्हटलं गेलं. जनुक जवळजवळ बंद, पण कायमचं नाही. पेशी चेतापेशीच्या वाटेला लागली की चेताजनुकांवरची के२७ची खूण उतरते. इतर वंशांच्या कित्येक जनुकांवर तीच उरते आणि के४ची जाते. कुठून काय उतरायचं हे ठरवतात बाहेरचे संकेत आणि ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर (जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं). हिस्टोनची खूण तो निर्णय टिकवते, घेत नाही.

उंदराच्या मूलपेशींतून ईईडी काढलं तरी त्या वाढत राहतात. काही विकासजनुकं अवेळी जागी होतात, पण विभेदन सुरू केल्यावर मूलपेशीपणाची जनुकं नीट बंद होत नाहीत. मानवी पेशींना हाच निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. तिथे ईझेडएच२ गेल्यावर स्व-नवीकरणही, म्हणजे मूलपेशी राहूनच वाढत जाणंही, बिघडतं.

खूण पुसायला ईझेडएच२चा अवरोधक (त्याला थांबवणारं औषध) वापरणार असाल तर २४ तासांत निकाल लावू नका. एन्झाइम थांबतं, पण आधीची खूण बरीचशी पेशीविभाजनांतून विरळ होत जाते. रोज एक असे चार दिवस नमुने घ्या. चिप-सीक्वेन्सिंगमध्ये (अँटिबॉडीनं खूण असलेले डीएनएचे तुकडे वेचून वाचण्याच्या पद्धतीत) नेहमीच्या नॉर्मलायझेशननं, म्हणजे नमुने एका मापावर आणण्यानं, सरसकट झालेली घट झाकली जाते, म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात फळमाशीचं क्रोमॅटिन (हिस्टोनसकट डीएनए) तुलनेचं माप म्हणून मिसळा. प्रथिनं डीएनएला जखडायला १% फॉर्मल्डिहाइड, १० मिनिटं, मग ते थांबवायला १२५ मिलिमोलर ग्लायसिन ५ मिनिटं. फॉर्मल्डिहाइड जास्त वेळ ठेवलंत तर सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी तुकडे करताना) २०० ते ५०० बेसजोड्यांचे तुकडे पडत नाहीत, आणि दोष विनाकारण अँटिबॉडीवर जातो.

दोन्ही खुणांचे आलेख एकाच जागी उंचावले म्हणजे प्रमोटर बायव्हॅलंट, असंही नाही. निम्म्या पेशींत एक आणि निम्म्यांत दुसरी असली तरी चित्र तेच दिसतं. खात्रीसाठी एकाच क्रोमॅटिनवर लागोपाठ दोन अँटिबॉडींनी चिप करावं लागतं. माध्यमही तपासा. उंदराच्या मूलपेशी वाढवायच्या २आय माध्यमात (दोन अवरोधक असलेल्या, सीरम नसलेल्या) या प्रमोटरांवर के२७ची खूण काही अभ्यासांत मुळातच कमी आढळली आहे, त्यामुळे सीरममधल्या पेशींशी तुलना केलीत तर माध्यमाचा फरक औषधाच्या नावावर जमा होईल.